पिवळ्या शिडाची उसवण

पिवळं शीड भिंतीवरून उतरवून उसवायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडले. उस्तादांना त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कोण कुठल्या तटात गेलं याचं.

त्यांचा हिशोब सरळ होता. धाकटी लेक म्हणणार उसवा, कारण पुढच्या आठवड्यात देशाच्या संघात निवडीसाठी तिच्या होडीच्या शर्यती होत्या आणि तिशी ओलांडलेल्या बाईला अशी संधी पुन्हा मिळत नाही. थोरला म्हणणार उसवा, कारण कापड कापायचं यंत्र घेतल्यापासून जगातली प्रत्येक वस्तू मापात बसवायची त्याला घाई झाली होती. सून सासूच्या बाजूने. आणि सासू, म्हणजे उस्तादांची बायको, लेकीच्या बाजूने. ती कधी लेकीच्या विरुद्ध गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. राहता राहिले स्वतः उस्ताद. आपण 'मी जिवंत असेपर्यंत नाही' म्हणायचं, सगळ्यांनी मनधरणी करायची, मग कुरकुरत हो म्हणायचं, असा बेत त्यांनी सकाळी दाढी करतानाच आखून ठेवला होता. खरं सांगायचं तर ते शीड आतून बघायची सगळ्यात जास्त खाज त्यांनाच होती.

पण झालं भलतंच. त्यांनी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "हात लावायचा नाही त्याला."

ती नेहमीच्या जागी होती, खिडकीजवळच्या खड्ड्यात. शिडं शिवायच्या या कारखान्याची सगळी जमीन लाकडी, घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि शिलाई मशिनं त्या जमिनीत चौकोनी खड्डे करून बसवलेली. त्यामुळे मशीनची पाटी जमिनीच्या पातळीला येते आणि भलंमोठं शीड न दुमडता, न अडकता सरकत जातं. शिवणारं माणूस मात्र कमरेपर्यंत जमिनीत. नवीन गिऱ्हाईक जिना चढून वर आलं की आधी दचकायचं, कारण या घरातल्या बायका त्याला अर्ध्याच दिसायच्या.

"आई, तू नाही म्हणतेस?" धाकटीला खरंच वाटेना.

"मीच म्हणतेय. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं टांगलंय ते. गिऱ्हाईक येतं, मान वर करून बघतं, आणि ऑर्डर देऊन जातं. उसवल्यावर काय टांगणार, चिंध्या?"

"चिंध्या कशाने होतील, आई?" सून म्हणाली. ती दुसऱ्या खड्ड्यात होती. "फक्त डोलकाठीकडची कड उसवायची. परत शिवताना टाका न् टाका त्याच भोकांतून घेईन. मागमूस राहणार नाही."

आता उस्तादांनी मानच वळवली. सून या घरात आल्यापासून सासूच्या शब्दाला हो ला हो देत आली होती, निदान तोंडावर तरी. पण बाई मुळातच चौकस. घड्याळ बंद पडलं की दुरुस्तीला देण्याआधी ते उघडून बघणारी. त्या पिवळ्या शिडाखाली बसून तिने आयुष्यातली ऐन वर्षं शिवण्यात घालवली होती, आणि एवढी वर्षं वर बघून बघून तिचाही धीर सुटला असणार.

"तुला नाही कळायचं," सासू म्हणाली. सुनेने या वेळी मान काही डोलावली नाही.

त्या शिडात काय होतं, हे कळलं तर हवं कुणाला नव्हतं? उस्ताद ऐन पस्तिशीत होते तेव्हाची गोष्ट. दिवसा दुसऱ्यांची फाटकी शिडं सांधायची आणि सुट्टीच्या दिवशी एकट्याच्या होडीतून शर्यती करायच्या, असा तेव्हाचा संसार. कुणाच्या तरी छताच्या ऑर्डरीतून उरलेलं पिवळं कापड घेऊन त्यांनी स्वतःसाठी एक शीड बेतलं, आणि ते लावून देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली. नुसती जिंकली नाही, बाकीच्यांना कुठच्या कुठे मागे टाकून जिंकली. लोक धक्क्यावर शीड चाचपायला आले. पुढच्या महिन्यात दारात गिऱ्हाइकांची रांग लागली, भाड्याच्या खोलीचा कारखाना झाला, आणि शिवणकाम करणारा हा माणूस 'उस्ताद' झाला. नाव त्या शिडाने दिलं, ते आजतागायत टिकलं.

अडचण एकच होती. तसं शीड पुन्हा झालंच नाही. तोच साचा, तेच हात, तेच कापड मागवून आणलेलं. पण नव्या शिडाने पुढच्या वर्षी उस्ताद चौथे आले. दोरा बदलला, तरी चौथे. टाक्यांतलं अंतर बदललं, तरी चौथे. पिवळं शीड तोवर ताणून ताणून ढिलं पडलं होतं, कापडाचं आयुष्यच तेवढं. मग एक दिवस त्यांनी ते भिंतीवर चढवलं आणि स्वतः शर्यतीतून उतरले. धाकटी त्याच शिडाकडे बघत मोठी झाली. ती बोलायला लागली तेव्हापासून एकच पालुपद: मला तसं शीड द्या, मग बघा.

"नाचता येईना अंगण वाकडं," थोरला आत्ता म्हणाला. त्याने यंत्रावर कापलेलं शीड धाकटीने मागच्याच आठवड्यात परत केलं होतं, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"दम नाही त्याच्यात, दादा. मी काय करू?"

"दम म्हणजे काय ते माप सांग. दीड वीत दम, दोन वीत दम. देतो कापून."

"तेच तर बघायचंय त्या पिवळ्यात. आणि तेवढंही बघू देणार नसाल तर स्पष्ट सांगते," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "पलीकडच्या किनाऱ्यावर मी विचारून ठेवलंय. ते चार दिवसांत शीड देतायत."

पलीकडच्या किनाऱ्यावर दुसरा कारखाना होता. उस्तादांच्या लेकीच्या डोलकाठीवर त्या कारखान्याची खूण, तीही निवडीच्या शर्यतीत. उद्या धक्क्यावरचं शेंबडं पोरही विचारेल, काय हो उस्ताद, घरात सुया संपल्या का?

"उतरवा," उस्ताद म्हणाले.

"अहो, ऐका माझं," बायको म्हणाली.

"का ऐकू? कारण सांग."

तळहातावरचा कातडी पट्टा, ज्याने ती जाड कापडातून सुई रेटायची, तो सोडून तिने पुन्हा बांधला. उस्तादांना ही खूण चांगली माहीत होती. तिच्या पोटात काहीतरी होतं आणि ते ओठांवर येत नव्हतं. त्यांचं कुतूहल दुप्पट झालं, आणि हट्टही. बायको नको म्हणतेय म्हटल्यावर तर आता उसवायलाच हवं होतं.

"मग तुमचं तुम्ही निस्तरा," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.

थोरला शिडीवर चढला. शीड खाली आलं तेव्हा त्यातून इतकी धूळ उडाली की धाकटीला शिंका आल्या. ते जमिनीवर पसरलं. खिडकीच्या बाजूचा रंग विटून जुन्या कागदासारखा झाला होता, भिंतीच्या बाजूचा अजून हळदीसारखा होता. सगळे मोजे घालून त्याच्याभोवती उभे राहिले, कारण चपला घालून या जमिनीवर पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती.

सून गुडघ्यावर बसली. शिडाची जी कड डोलकाठीला लागते, तिच्यात एक दोर शिवलेला असतो. दोर कापडाला थोडं आवळून धरतो, त्यामुळे कड चुणीचुणीने बसते आणि मुळात ती कुठल्या बाकाने कापली आहे ते बाहेरून कळत नाही. गुपित असेल तर तिथेच, हे सगळ्यांना माहीत होतं. सुनेने आकडी टाक्याखाली घातली आणि उस्तादांकडे बघितलं.

"उसव," ते म्हणाले.

एकेक टाका तुटू लागला. सून तोडलेले दोरे एका बशीत ठेवत होती, जणू काही मोजून परत करायचे आहेत. धाकटी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"वहिनी, हे टाके आईचे आहेत ना?"

"हो. बघा ना, किती रागाने घातलेत. एवढे आवळून आई कधी शिवत नाहीत."

मशीनचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दोर सुटला, आणि इतकी वर्षं आवळून धरलेलं कापड सैल होऊन जमिनीवर पसरलं. थोरल्याने वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत सरळ दोरी ताणली. दोरी आणि कड यांच्यात एक लांब, बारीक बाक दिसायला लागला. उस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले. इतक्या वर्षांनी आपलीच गोष्ट आपल्याला कुणीतरी सांगणार आहे, असं त्यांना वाटलं.

"साचा आण," ते म्हणाले.

प्रत्येक डोलकाठी वाऱ्यात आपल्या पद्धतीने वाकते, म्हणून प्रत्येकीचा वेगळा साचा असतो: एक लांबलचक फळी, जिची एक बाजू त्या बाकाने तासलेली. डोलकाठी वर निमुळती होत जाते, म्हणून वरच्या भागात जास्त वाकते आणि साचाही वरच्या भागात जास्त फुगीर असतो. वरचं टोक ओळखायला तिथे एक खाच. त्या जुन्या डोलकाठीचा साचा कोपऱ्यात उभा होता. थोरल्याने एक टोक धरलं, सुनेने दुसरं.

"वर," थोरला म्हणाला.

"खाली," सून म्हणाली.

हा कारखान्याचा रिवाज होता. साचा ठेवताना एकाने 'वर' म्हणायचं, दुसऱ्याने 'खाली' म्हणायचं, आणि दोन्ही ऐकू आल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही. उस्तादांच्या बायकोने घालून दिलेला नियम. यंत्र आल्यावर त्याची गरज उरली नव्हती, तरी सवयीने तोंडातून शब्द निघायचेच.

साचा कडेला लावला. बसेना. वर फट पडली आणि खाली साचा कापडावर चढला.

"कापड ताणलं असेल," थोरला म्हणाला.

"एवढं?" सुनेने साच्याकडे बघितलं, कडेकडे बघितलं. मग काहीच न बोलता तिने तिच्याकडचं टोक उचललं आणि साचा घेऊन थेट वरच्या कोपऱ्याकडे निघाली. थोरल्याला नाइलाजाने खाली जावं लागलं. फळी गर्रकन फिरली. त्यांनी ती पुन्हा कडेला टेकवली, आणि डब्याला झाकण बसावं तशी ती बसली.

खाच खाली होती.

ती आधी थोरल्याने बघितली. "बाबा, हे उलटं आहे. सगळी फुगवट खाली आलीय." त्याने बापाकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत उस्तादांनी कितीतरी वर्षांत न बघितलेलं काहीतरी होतं. "तुम्ही साचा मुद्दाम उलटा लावला होतात. आणि कुणाला सांगितलं नाहीत. उद्या कुणी साचा चोरला असता तरी त्याला शीड जमलं नसतं. काय डोकं आहे, बाबा."

मुलगा हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता आणि फांदी चांगली मजबूत दिसत होती. उस्तादांनी खाकरून घसा साफ केला. एक 'हं' म्हटलं असतं की झालं असतं. त्यांना त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, आणि न आठवणाऱ्या गोष्टीबद्दल खोटं बोलणं तसं सोपं असतं.

"मुद्दाम कसलं आलंय," खड्ड्यातून आवाज आला. मशीन बंद झालं होतं. "चुकलं होतं."

"तुला काय माहीत?" उस्ताद म्हणाले.

"खालचं टोक मी धरलं होतं. खाच माझ्या हातात होती."

धाकटी खड्ड्याकडे वळली. "आई, मग तू बोलली का नाहीस?"

"अबोला होता आमचा."

"कशावरून?"

"विचार यांना."

उस्तादांना ते मात्र लख्ख आठवलं. एका खलाशाकडे उत्तम डोलकाठी होती, आणि त्याच्या बायकोला हवं होतं शिलाई मशीन. घरात एकच चांगलं मशीन होतं, बायकोने माहेरून आणलेलं. ती बाजारात गेली असताना उस्तादांनी मशीन दिलं आणि डोलकाठी आणली. ती परत आली, रिकाम्या टेबलाकडे बघितलं, दाराशी टेकवलेल्या डोलकाठीकडे बघितलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढे कित्येक दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

"मला वाटलं, कापायच्या आधी यांचं यांना कळेल," ती सांगत होती. "नाही कळलं. मग वाटलं, शिवताना कळेल. मग वाटलं, पाण्यात गेल्यावर चांगली खोड मोडेल. शिवलं मी उसन्या मशीनवर, आणि ही कड तर हातानेच. शर्यत संपल्यावर खरंच सांगणार होते. धक्क्यावर गेले. हे होडीतून उतरले, गळ्यात हार, आणि अबोला सोडून पहिलं वाक्य काय बोलले? 'बघ, मशीनपेक्षा डोलकाठी मोलाची ठरली की नाही?' मग म्हटलं, राहू दे. बसा पूजत."

सुनेने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की काय ते कळत नव्हतं. "म्हणजे ते वर-खाली म्हणायचं..." ती म्हणाली.

"त्यानंतरच चालू केलं. म्हटलं, पुन्हा भांडलो तरी दोन शब्द तरी बोलावेच लागतील."

उस्ताद खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना राग यायला हवा होता, पण कुणावर करायचा ते ठरेना. तीस वर्षं गिऱ्हाइकांना ते शीड दाखवत त्यांनी काय काय सांगितलं होतं. हाताचा अंदाज. वाऱ्याची भाषा. नजर लागते हो नजर. आणि खाच खाली. त्यांना एकदम लाज वाटली, भर बाजारात धोतर सुटावं तशी.

मागे थोरला कामाला लागला होता. तो तसाच होता. घर जळालं तरी आधी राख मोजेल. "चुकलेलं का असेना, जिंकलं ना? आता कळलं काय करायचं ते. हिच्या डोलकाठीचं माप यंत्रात आहे, उलटं करून टाकतो. संध्याकाळपर्यंत कापून होईल."

"कर," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आत्ता लाव यंत्र."

"एक विचारू का बाबा?" सून म्हणाली. ती अजून कडेशी बसून बाकावरून बोट फिरवत होती. "फुगवट खाली असली तर होडी वाऱ्याच्या तोंडावर जायला नाखूश होईल ना? मी आपली शिवणारी, मला पाण्यातलं कळत नाही. पण हे शीड खरंच वेगात होतं का?"

हा प्रश्न तीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. जिंकलेल्या शिडाला वेग होता का असं कोण विचारतं? उस्ताद 'मग काय' म्हणायला वळले आणि त्यांच्या हातांना आठवलं. तळहातांना फोड आले होते. सुकाणूचा दांडा सबंध स्पर्धाभर हातातून निसटायला बघत होता आणि ते दोन्ही हातांनी त्याला ओढत होते.

"नाही," ते म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "वेग नव्हता. आडमुठी होती होडी. वळायलाच तयार नव्हती."

"मग जिंकलात कसे?" थोरला म्हणाला.

उस्ताद परत शिडाशी आले आणि त्याच्या कडेला बसले. "थांब, आठवू दे." ते खरोखरच आठवत होते. इतकी वर्षं त्यांना फक्त हार आणि टाळ्या आठवत होत्या, मधली शर्यत कुणी मागितलीच नव्हती. "सुरुवात झाली. वाऱ्याच्या दिशेने सरळ तर जाता येत नाही, तिरकं तिरकं जावं लागतं. बाकीचे सगळे किनाऱ्याच्या अंगाने निघाले, वाऱ्याला चिकटून. मला तसं चिकटता येईना. दांडा ओढून ओढून हात गळाले. मी त्यांच्याबरोबर राहिलो असतो तर सगळ्यांच्या मागे, त्यांच्या उष्ट्या वाऱ्यात. म्हणून नाइलाजाने दुसऱ्या बाजूला वळलो, उघड्या समुद्राकडे. एकटाच. धक्क्यावरचे लोक हसले म्हणे."

"आणि?"

"आणि तिकडे वारा होता. वाऱ्याने पाणी काळं पडलेलं दिसत होतं लांबवर. गर्दीत असतो तर दिसलं नसतं, समोरच्याचं शीडच दिसलं असतं. एकटा होतो, दुसरं काही बघायला नव्हतं, म्हणून पाणी बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच."

"म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला," बायको म्हणाली. आवाजात टोमणा होता, पण नेहमीइतका नाही.

"तसंच म्हण."

थोरला यंत्राजवळून परत आला. "म्हणजे शीड वाईट होतं."

"वाईट होतं," उस्ताद म्हणाले. हे एकदा तोंडातून गेल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि मग त्यांनी लेकीकडे बघितलं. ती हलकी दिसत नव्हती. जन्मभर ती ज्या शिडाची वाट बघत होती, ते तिच्यासमोर जमिनीवर पडलं होतं आणि त्यात काही नव्हतं. मिळालं नाही म्हणून हरते, असं आता तिला स्वतःलाही सांगता येणार नव्हतं.

"मग पुढच्या वर्षी काय झालं?" तिने विचारलं. "तुझं शीड नीट होतं. होडी वळत होती. वारा कुठे बघायचा तेही तुला कळलं होतं. मग तू त्या बाजूला का नाही गेलास, बाबा?"

उस्तादांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वारा वेगळा होता असं सांगता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं. बायको खड्ड्यातून त्यांच्याकडे बघत होती. आज तिने तीस वर्षांची गाठ सोडली होती, आणि आता तिला यांचं ऐकायचं होतं.

"भीती वाटली," ते म्हणाले. "सगळे एकीकडे चाललेले असताना आपण एकट्याने उलट जायचं, आणि चुकलं तर सगळ्यांच्या शेवटी यायचं. उस्ताद म्हणवून घेतल्यावर शेवटी कसं येणार? पहिल्या वेळी इलाज नव्हता, होडीच नेत होती. नंतर इलाज होता. इलाज असताना मी एकदाही गेलो नाही. दर वेळी वाटायचं, तिकडे वारा आहे. दर वेळी गर्दीबरोबर गेलो."

धाकटीने शिडाची मोकळी कड चिमटीत धरली. "मीपण," ती म्हणाली. "मागच्या शर्यतीत मला दिसलं होतं काळं पडलेलं पाणी. लांब, डावीकडे. नाही गेले, आणि चौथी आले."

"माहितीय. मी धक्क्यावर होतो."

"मग बोलला का नाहीस मला?"

"काय बोलणार? मी स्वतः कधी गेलो होतो? तुला भिंतीवरचं शीड दाखवत राहिलो."

यंत्र सुरू करून ठेवलेलं होतं, त्याचा पंखा घरघरत होता. थोरल्याने विचारलं, "मग उलटं कापू की नको?"

"नको," धाकटी म्हणाली. "माझं परत केलेलं शीड कुठाय?"

"गुंडाळून ठेवलंय. दम नव्हता ना त्याच्यात?"

"आण, दादा."

त्याने ते फडताळातून काढलं. पांढरंशुभ्र, एकही चुणी नसलेलं, यंत्राने केसभरही न चुकता कापलेलं आणि सुनेने शिवलेलं. धाकटीने ते खांद्यावर घेतलं. दाराशी ती थांबली. उस्ताद पिवळ्या शिडाशेजारी जमिनीवरच बसले होते, उठायला हात लागेल असे.

"बाबा, गेले त्या बाजूला, आणि वारा नसलाच तर?"

"तर चौथीच्या ऐवजी शेवटची येशील," उस्ताद म्हणाले. "मी चौथाच येत राहिलो."

चपला पायांत सरकवून ती जिना उतरायला लागली.